वसंता, आईचं रीळ मी उघडलं

वसंता, डबा तसाच ठेव म्हणाला होतास. मी ठेवला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला वाटायला नको की ही बाई शेवटी डोळे पुसत माफी मागणार आहे. मागायची असती तर तू दवाखान्यात होतास तेव्हा मागितली असती. तेव्हा तुला उलट बोलता तरी येत होतं.

दवाखान्यात मी तुला "बघू" एवढंच म्हणाले होते. तुझी लेक स्मिता खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला ते वचन वाटलं. ती शाळेत शिकवते, मी चौथी शिकलेली, त्यामुळे बोलण्याचा अर्थ तिला जास्त कळतो असं ती धरून चालते. पण तू तोंड भिंतीकडं फिरवलंस. तुला कळलं होतं. आपण गड्ड्याच्या जत्रेला चल म्हटलं की आई बघू म्हणायची, आणि त्यातून किती जत्रा झाल्या ते आपल्या दोघांनाच माहीत.

तू गेल्यावर समाचाराला येणारे विचारत होते, कसलं रीळ. आताच्या पोरांना रीळ म्हणजे मोबाईलवरचं वाटतं. त्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. नवी पेठेत स्टुडिओत तू कामाला लागलास तेव्हा मालकाकडं एक सिनेकॅमेरा पडून होता, हातात मावेल एवढा. एक फिल्म उरली होती, मुदत संपत आलेली. मालक म्हणाला, घेऊन जा, हात बसव. तू घरी आलास आणि आईवर हात बसवलास. फिल्म धुवायला मुंबईला गेली, परत आली, आणि मालकानं स्टुडिओच्या भिंतीवर ती आईला आणि तुला दाखवली. एकदाच. मी तेव्हा मंद्रूपला सासरी होते. निरोप आला तेव्हा ज्वारीची काढणी चालली होती. काढणी टाकून सिनेमा बघायला जाते असं म्हणणाऱ्या सुनेला काय ऐकावं लागतं ते तुला सांगायला नको. पुढं मालकानं मशीन विकून टाकलं. मग आई गेली. मी ती फिल्म बघितलीच नाही.

आईचा नुसता फोटो म्हटला तर एक आहे, तोही तूच काढलेला. त्यात ती पोलिसानं धरून आणल्यासारखी उभी आहे. ती तशी नव्हतीच. ती कधी एका जागी उभी राहत नव्हती. हालणारी आई जगात त्या एका डब्यात होती, आणि तो डबा तू उघडू देत नव्हतास.

का, तेही सांगायला हवं, नाहीतर लोक तुला वेडा समजतील. खंडेनवमीला आपल्या घरी सगळ्या हत्यारांची पूजा. कांड्या भरायचा रहाट, मागाचा धोटा, कातर, विळी, सगळं धुऊन पाटावर मांडायचं. त्या वर्षी तू रिळाचा डबा पण मांडलास. हे सगळं नंतर तूच मला नक्कल करून दाखवलंस. आईनं हळदीचं बोट उचललं, आणि डबा बघून थांबली. म्हणाली, "डब्याला कशाला लावू? काम डबा करतोय व्हय?" तिनं झाकण काढलं आणि आतल्या रिळाच्या बाजूवर, गुंडाळलेल्या फिल्मवरच, एक बोट हळदीचं ओढलं आणि एक कुंकवाचं. ओलं. तू ओरडलास म्हणे. तिनं ऐकलं नाही. ती असेपर्यंत दर खंडेनवमीला ती त्याच जागी बोट ओढत राहिली.

ती गेल्यावर ते बोट तुझा देव झालं. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला आलास की मी म्हणायची, दाखव. तू पिशवीतला डबा उघडून माझ्यासमोर धरायचास. एक पिवळा पट्टा, एक तांबडा. तांबड्याच्या टोकाला बोटाच्या रेघा सुद्धा दिसायच्या. मी म्हणायची, अरे बाई आत आहे, तिला बाहेर काढ, बोट काय बघत बसलास. तू म्हणायचास, "अक्का, उलगडलं की गेलं की बोट. परत जुळत नसतंय." मग आपलं भांडण. मग तू शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन, माझ्या हातच्या चहाला नावं ठेवून निघून जायचास. पुढच्या दसऱ्याला तेच.

तुझं बोलणं खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. गुंडाळलेलं आहे तोवर ते बोट. फिरवायला लागलं की ते प्रत्येक वेढ्याच्या कडेला ठिपका ठिपका होऊन सुटणार. फिल्म बघायची तर बोट मोडणार, बोट ठेवायचं तर फिल्म आंधळी. दोन्ही मिळणार नव्हतं. तू एक धरलंस. मी दुसरं म्हणत होते. एवढंच आपलं भांडण, पण आयुष्यभर पुरलं.

आणि एक सांगू? तू फोटोग्राफर. अख्ख्या सोलापूरच्या मुंजी-लग्नांचे फोटो काढलेस. त्या बोटाचा एक फोटो काढून ठेवायचं तुला सुचलं नाही.

तुझं तेरावं झालं आणि स्मितानं तुझं कपाट उघडलं. आधी डांबराच्या गोळ्यांचा वास. त्याच्या मागं दुसरा, आंबट. लोणच्याच्या बरणीत बुरशी धरल्यावर येतो तसा. स्मिता म्हणाली, बाबांचं औषध सांडलंय वाटतं. मी डबा काढून नाकाला लावला. वास रिळाला येत होता.

तिनं पुण्यातल्या एका माणसाचा नंबर काढला. तो जुन्या फिल्मा कॉम्प्युटरवर उतरवून देतो. फोन मोठ्या आवाजावर लावला होता म्हणून मलाही ऐकू आलं. तो म्हणाला, फिल्म आतून आंबायला लागली आहे. ते थांबत नाही. ती हळूहळू आकसते, वाकडी होते, मग कुठल्याच मशीनमध्ये बसत नाही. अजून बसत असेल तर लगेच उतरवून घ्या. स्मितानं हळदकुंकवाचं सांगितलं तेव्हा त्यानं दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाला, ताई, असलं रीळ मी आजवर बघितलेलं नाही. ती पूड आत असताना मशीनवर चढवलं तर पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत ओरखडे. आणि तसंच कुरिअरनं पाठवलंत तर हलून हलून ओरखडे घरापासूनच सुरू. आणून द्या, आमच्याकडं पुसतो.

मी म्हटलं, आमच्या आईचं कुंकू परका माणूस खरडणार नाही. कसं पुसायचं ते सांगा.

स्मितानं फोन ठेवला आणि माझ्यावर उखडली. तुझी लेक आहे, पण चिडली की आवाज चढवत नाही. मास्तरणीसारखी एकेक शब्द मोजून टाकते. "आत्या, बाबांनी तुला काय सांगितलं होतं?"

"तसाच ठेव म्हणाला."

"मग?"

"मग काय? तसा तो राहणारच नाही. आंबट झालाय तो. त्या बापड्या पुणेकरानं सांगितलं ना."

ती म्हणाली, मग राहू दे जितकं राहील तितकं. देव्हाऱ्यात ठेवते. बाबांनी आयुष्यभर जपलं, त्यांना जाऊन महिना नाही झाला आणि तू त्यांचं मोडायला निघालीस. स्मिताची एक चुलतसासू बसली होती, ती म्हणाली, नाहीतर भीमेत सोडा, वसंतरावांच्या मागोमाग जाईल. मी तिला म्हटलं, नदीत प्लॅस्टिक टाकू नये, एवढं मला चौथीत सुद्धा शिकवलंय. ते शिकवलं नव्हतं. पण भीमा वाचली.

मग मी स्मिताला जे बोलले ते तुला पण ऐकवते. ती तुझी लेक, तुझी बाजू घेणार, घेऊ दे. पण तिनं आजीचा ओरडा कधी खाल्लेला नाही. तिला आजी म्हणजे तो पोलिसानं धरलेला फोटो. मला आई आठवते, पण वसंता, मला आता चेहरा नीट जुळवता येत नाही. डोळे आठवले तर हनुवटी निसटते. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू लगेच डबा उघडला असतास आणि भांडण संपलं असतं, असं नको होतं मला. तू आपणहून उघडावास असं वाटत होतं. नाही उघडलास. मी स्मिताला म्हटलं, मला मरायच्या आधी आई बघायची आहे, आणि मी तुझ्या बापाची परवानगी मागायला त्याच्याकडं गेले तर ती फिल्म बघायला परत कशी येईन?

ती हसली नाही. पण डबा देव्हाऱ्यात गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती सामान घेऊन आली. चष्म्याच्या दुकानातली मऊ फडकी, डॉक्टर घालतात तसले पातळ हातमोजे, आणि एक बाटली शुद्ध स्पिरिटची. औषधाच्या दुकानात जखमेला मिळतं ते नव्हे. त्यात पाणी असतं आणि पाण्यानं फिल्मवरचं चित्रच सुटून येतं, असं पुणेकरानं बजावलं होतं. गंमत बघ. आपलं गाव टॉवेलांचं. तुझ्या घरात चादरी-टॉवेल फळी वाकेल एवढे. त्यातला एक चालत नव्हता. सगळ्यांचं सूत सुटतं.

जागा शोधायला वेळ गेला. खाली तुझ्या फोटोपुढं समई जळत होती, आणि ते स्पिरिट पेट घेतं. समई विझवायची नाही म्हणून स्मिता हटून बसली. मी म्हटलं, नको विझवू, आपण माडीवर जाऊ. माडीवर खिडकी उघडी ठेवायची तर धूळ, बंद ठेवायची तर स्पिरिटचा वास डोक्यात. म्हणून मी पहाटे फरशी ओली पुसून घेतली, वारा सुटायच्या आत बसायचं ठरवलं आणि खिडकी अर्धी उघडी ठेवली. तुझ्या स्टुडिओची ती दोन हँडलची चाकं होती ना, एकावरून दुसऱ्यावर फिल्म घ्यायची, ती टेबलाला आवळून बसवली. कॅमेऱ्याची काच साफ करायचा रबरी फुगा पण सापडला. तोंडानं फुंकायचं नव्हतं. थुंकी उडते.

फिरवायच्या आधी मी स्मिताला म्हटलं, बाजूचा फोटो काढ. तिनं मोबाईलवर काढला, जवळून, लांबून. मग ती उठून जिन्यात जाऊन बसली. मी तिच्या मागं गेले नाही. रीळ चाकावर चढवलं आणि ती येईपर्यंत त्या बोटाकडं बघत बसले. तुला वाटत असेल मला काही वाटलं नाही. वाटलं. तू जे काय बघायचास ते मला पहिल्यांदा दिसलं. पण म्हणून मी थांबले नाही.

ती आली. मी हँडल फिरवलं. पहिल्या पाचसहा वेढ्यांतच तांबड्याचं टोक गेलं, त्या रेघांसकट. तू सांगितलं होतंस तसंच. मग राहिलं ते नुसतं काम.

काम असं. फिल्म कडेनं धरायची, मधे बोट लावायचं नाही. एक बाजू चकचकीत असते, एक मंद. चित्र मंद बाजूला असतं, ती नाजूक. आधी सगळं कोरडं: मऊ ब्रशनं कडेची पूड बाहेरच्या बाजूला झटकायची, फुग्यानं वारा द्यायचा, मग कोरड्या फडक्यातून हळू ओढायची. फडक्याची एक घडी एकदाच. मळली की पुढची. दाबायचं नाही. पुणेकरानं आधी मोकळ्या पट्टीवर, जिथं चित्र नसतं तिथं, थोडं करून बघायला सांगितलं होतं. स्मिताला घाई. तिनं तिथं ब्रश नीट न फिरवताच स्पिरिटचं फडकं लावलं, आणि हळद अशी पसरली की पट्टी पिवळीजर्द. दोघीही गार पडलो. फोन लावला. तो म्हणाला, म्हणून तर मोकळ्या पट्टीवर सांगितलं. स्पिरिटात हळद विरघळते. पूड यायची पूर्ण थांबल्याशिवाय ओलं फडकं लावायचंच नाही, आणि लावलं तरी नुसतं दमट, आणि वाळल्याशिवाय गुंडाळायचं नाही.

म्हणून सगळी फिल्म कोरडीच तीनदा काढली, तीन सकाळी. मग दमट फडकं. हँडल मी धरलं. सासरहून मी विधवा होऊन परत आले, कारखान्यात कांड्या भरायला लागले, पुढं वेगळी खोली घेतली. धोट्यात बसते ती सुताची कांडी, सैल भरली की मागावर गुंता, घट्ट भरली की तुटते. हाताला तो ताण अजून आहे. स्मिता फडकी बदलायची आणि ठिपके बघायची. तिचे डोळे चांगले. मधे ती म्हणाली, आत्या, तू बाबांवर रागावली आहेस का? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मी पण. आणि तिनं फडक्याची पुढची घडी काढली.

एका जागी दोन वेढे चिकटले होते. कुंकवाचं पाणी आत गेलं असणार. ओढायचं नाही असं सांगितलेलं. आम्ही एक अख्खा दिवस तसंच ठेवलं, फुग्यानं वारा देत राहिलो. सुटलं, पण चित्राचा एक कपचा निघाला. भिंगातून बघितलं तर तिथं नुसती आपल्या घराची भिंत होती. म्हटलं गेली तर गेली भिंत.

वसंता, हँडल फिरवताना एक गोष्ट मनात येत होती ती इथंच सांगते, पुन्हा सांगायची नाही. आई गेल्यावर मी मंद्रूपहून ट्रंक घेऊन आले तेव्हा घरात आपल्या माणसांची बैठक बसली होती. पोरीनं सासरीच राहावं, सासू-सासऱ्यांना कोण बघणार, असं चाललं होतं. तू तेव्हा पोरसवदा होतास. तू काही भाषण केलं नाहीस. उठलास, पुढच्या खोलीतलं तुझं सगळं सामान, ते दिवे, पडदे, तिपाया, एकेक करून सगळ्यांच्या पायावरून ओलांडून बाहेर अंगणात नेऊन टाकलंस आणि माझी ट्रंक आत ठेवलीस. बैठक आपोआप उठली. मी तुला त्यावर कधी बरं बोलले नाही. उलट दिव्यांना धूळ लागली म्हणून तुलाच बोलले. आता बोलते. बरं केलंस.

रीळ नव्या डब्यात घालून स्मिता स्वतः पुण्याला घेऊन गेली. कुरिअरवर माझा विश्वास नाही, आणि तिचाही आता राहिला नाही. पुणेकर म्हणाला, थोडी आकसली आहे, पण बसेल. बसली. ठिपके सगळे गेले नाहीत म्हणाला. मी म्हटलं, असू देत.

काल संध्याकाळी स्मितानं ते टीव्हीवर लावलं. मी खुर्ची पुढं ओढली. आधी ती भिंत आली, कपचा उडालेली. मग आपलं अंगण, आणि अंगणात आई रहाटावर कांड्या भरत बसलेली. वसंता, तिचा हात किती भराभर चालायचा. मी जन्मभर तेच काम केलं, माझा तसा कधी चालला नाही. तिनं वर बघितलं, काहीतरी बोलली, आवाज नाही. स्मितानं विचारलं, काय म्हणते ती? मी म्हटलं, तुझ्या बापाला विचारते, कामधंदा नाही का तुला. हनुवटी होती. सगळा चेहरा होता. कडेनं हळदीची पिवळी झाक येत होती, जात होती.

मग ती कांड्यांची पाटी घेऊन उठली. तू सूर्य पाठीशी घेऊन उभा होतास, मालकानं शिकवल्यासारखा, त्यामुळे सगळं ऊन तिच्या डोळ्यांत. तिनं कपाळावर हात धरला. ना झाड, ना आडोसा. अंगणभर ऊन, आणि उभं राहण्यासारखी सावली एकच, तुझी, काटकुळी, कॅमेरा धरल्यामुळं एक कोपर बाहेर आलेली. ती तुझ्याकडं चालत आली. जरा डावीकडं सरकली, जरा उजवीकडं, आणि तुझ्या सावलीत नेमकी उभी राहिली. डोळ्यांवरचा हात खाली घेतला. आणि तुझ्याकडं बघत राहिली, फिल्म संपेपर्यंत.

बोल आता. हे डब्यात ठेवायचं होतं?